ग्राफिक्स हार्डवेअरमध्ये संख्यांची अचूकता ठरवताना या चुका टाळा

ग्राफिक्स पाइपलाइनच्या, म्हणजे चित्र तयार करणाऱ्या टप्प्यांच्या साखळीच्या रचनेत सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सगळ्या टप्प्यांसाठी एकच संख्यारूप निवडणे. धोका नको म्हणून सर्वत्र ३२ बिट फ्लोट (मँटिसा म्हणजे अर्थपूर्ण अंक आणि घातांक मिळून संख्या लिहिण्याचे रूप) घेतला, तर साध्या रचनेच्या गुणकाला, म्हणजे गुणाकार करणाऱ्या सर्किटला, २४ × २४, म्हणजे ५७६ आंशिक गुणाकार करावे लागतात. १६ बिट फ्लोटला ११ × ११, म्हणजे १२१ पुरतात. शेडरमधील, म्हणजे पिक्सेलचा रंग वगैरे काढणारे प्रोग्रॅम चालवणाऱ्या भागातील असंख्य गुणकांचा विचार केला, तर चिपचे क्षेत्रफळ आणि विजेचा खर्च कुठे जाईल हे उघड आहे.

मात्र केवळ बचतीसाठी सरसकट १६ बिटांवर येणे त्याहून वाईट. या रूपात चिन्हाला १, घातांकाला ५ आणि मँटिसाला १० बिट मिळतात (न साठवलेला सुरुवातीचा १ धरून वर ११ मोजले), त्यामुळे ०.५ ते १ या पट्ट्यात लगतच्या दोन संख्यांमधील अंतर १/२०४८ असते. ४०९६ टेक्सेल (टेक्स्चरचे ठिपके) रुंदीच्या टेक्स्चरचे, म्हणजे पृष्ठभागावर चढवायच्या चित्राचे, ० ते १ मधील निर्देशांक असे साठवले, तर उजव्या अर्ध्या भागात एका वेळी दोन टेक्सेलची उडी पडते, आणि शेजारच्या चार टेक्सेलचे रंग मिसळणाऱ्या बायलिनियर फिल्टरला लागणारा टेक्सेलचा अपूर्णांश उरतच नाही. डावीकडची कड मात्र स्वच्छ दिसते, म्हणून दोष फिल्टरच्या माथी मारला जातो. येथे एक खूण उपयोगी पडते: चौकटीदारपणा ०.२५ आणि ०.५ पाशी दुपटीने वाढत असेल, तर मँटिसा अपुरा आहे. तो सर्वत्र सारखाच असेल, तर फिक्स्ड पॉइंटचे (दशांशचिन्हासारख्या बिंदूची जागा ठरलेल्या संख्यारूपाचे) अपूर्णांकी बिट कमी पडले आहेत, असा संशय आधी घ्यावा.

अंतराइतकीच व्याप्तीही तपासली पाहिजे. १६ बिट फ्लोटची कमाल किंमत ६५५०४ आहे. सदिशाची लांबी काढताना २५६ चा वर्ग ६५५३६ होतो, उत्तर अनंत येते, त्याचा व्यस्त शून्य होतो आणि पृष्ठभाग काळा पडतो. बेरजेतही असाच सापळा आहे: २०४८ मध्ये १ मिळवला, तरी उत्तर २०४८ च राहते. म्हणूनच गुणाकार १६ बिटांत केला, तरी बेरीज साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर ३२ बिटांचा ठेवणे योग्य.

रास्टरायझरमध्ये, म्हणजे त्रिकोण कोणते पिक्सेल व्यापतो हे ठरवणाऱ्या टप्प्यात, फ्लोटचा मोह टाळावा; तेथे फिक्स्ड पॉइंट वापरावा. १६ पूर्णांकी आणि ८ अपूर्णांकी बिटांच्या निर्देशांकांची वजाबाकी २५ बिटांची, तिचे गुणाकार ५० बिटांचे आणि त्यांचा फरक ५१ बिटांचा होतो. यातले खालचे बिट छाटले, तर दोन त्रिकोणांच्या सामायिक कडेवर भेगा पडतात किंवा तेच पिक्सेल दोनदा रंगवले जातात.

पडताळणीतही दोन चुका नेहमी दिसतात. हार्डवेअरचे उत्तर ज्याच्याशी ताडून पाहतात ते संदर्भ मॉडेल शेवटी एकदाच पूर्णांकन करते, तर हार्डवेअर प्रत्येक पायरीवर करते; मॉडेलनेही तसेच केले पाहिजे. दुसरे असे की मीडियमपी (मध्यम अचूकता पुरे, असे सांगणारा शब्द) लिहिलेला शेडर प्रोग्रॅम डेस्कटॉपवर बहुधा ३२ बिटांतच चालतो, त्यामुळे मोबाइल चिपवरचा दोष तेथे दिसत नाही. सेकंदांत मोजलेला वेळ १६ बिटांत दिला, तर ३२ सेकंदांनंतर त्याची पायरी १/३२ सेकंदाची होते, आणि सेकंदाला ६० फ्रेमच्या अ‍ॅनिमेशनमध्ये लागोपाठच्या फ्रेमना एकच वेळ मिळू लागते. चाचणी पहिल्या काही सेकंदांत थांबवली, तर हे कधीच दिसणार नाही. ती मिनिटभर तरी चालवावी, आणि वेळ शेडरला देण्याआधीच ३२ बिटांत अ‍ॅनिमेशनच्या एका आवर्तनाच्या मर्यादेत आणावी.