तीन बिंदूंतून जाणाऱ्या प्रतलाचे समीकरण कसे काढावे

प्रतलाच्या समीकरणाची चार रूपे पाठ करत बसू नका. प्रतलावरचा एक बिंदू आणि प्रतलाला लंब असलेला एक सदिश, म्हणजे अभिलंब, हाती आला की प्रतल ठरले.

टेबलावर पेन्सिल ताठ उभी धरा. तिच्या टोकापासून टेबलावर कुठल्याही दिशेला रेघ ओढा, पेन्सिलीशी काटकोनच होतो. समीकरण एवढेच सांगते: अ हा प्रतलावरचा ठरलेला बिंदू, र हा कोणताही बिंदू आणि न हा अभिलंब असेल, तर न · (र − अ) = ०. इथे अ आणि र म्हणजे त्या बिंदूंचे स्थानसदिश (आरंभबिंदूपासून त्या बिंदूंपर्यंतचे सदिश), आणि · म्हणजे अदिश गुणाकार: जुळणारे घटक गुणून केलेली बेरीज.

आता उदाहरण घेऊ: अ(१, ०, २), ब(२, ३, १), क(३, १, ४).

आधी एकाच बिंदूपासून निघणारे दोन सदिश काढा. वजाबाकी करून अब = (१, ३, −१) आणि अक = (२, १, २) मिळतात.

मग त्यांचा सदिश गुणाकार करा; तो दोघांनाही लंब असतो, म्हणजे तोच आपला अभिलंब. खरे काम इथेच आहे, म्हणून घाई नको.
पहिला घटक: ३×२ − (−१)×१ = ७
दुसरा घटक: (−१)×२ − १×२ = −४
तिसरा घटक: १×१ − ३×२ = −५

निर्धारक मांडून करत असाल तर मधल्या घटकाआधीचे वजा चिन्ह हमखास निसटते. त्यामुळे पुढे जाण्याआधी पडताळा घ्याच: (७, −४, −५) चा अब शी अदिश गुणाकार ७ − १२ + ५ = ०, अक शी १४ − ४ − १० = ०. दोन्ही शून्य, म्हणजे अभिलंब बरोबर. सदिश गुणाकारच (०, ०, ०) आला तर तिन्ही बिंदू एका रेषेत आहेत. त्यांतून अनंत प्रतले जातात, एकच असे ठरत नाही.

शेवटी अ चे निर्देशक घाला: ७(क्ष − १) − ४(य − ०) − ५(झ − २) = ०, म्हणजेच

७क्ष − ४य − ५झ = −३

ब आणि क ठेवून पाहा: १४ − १२ − ५ = −३, २१ − ४ − २० = −३.

आरंभबिंदूपासूनचे अंतर हवे असल्यास ३ ला अभिलंबाच्या लांबीने, √(४९ + १६ + २५) = √९० ने भागा; उत्तर १/√१०, सुमारे ०.३२. उजवीकडे −३ ऐवजी ० लिहिले, की आरंभबिंदूतून जाणारे समांतर प्रतल मिळते.