मिरजेत वाद्यकाम शिकायला येताय? आधी सरस शिका

मिरजेत सतार-तंबोऱ्याचं काम शिकायला येणारी मुलं पहिल्याच दिवशी जवारीबद्दल, म्हणजे तारांखालची घोडी घासून सूर खुलवण्याच्या कामाबद्दल, विचारतात. जवारीची पाळी फार उशिरा येते. भोपळा, त्याला दांडीशी जोडणारा गळा, दांडी आणि भोपळ्यावरची लाकडी तबकडी यांना एकजीव करतो तो सरस, म्हणून सुरुवात तिथून करा.

सरस म्हणजे जनावरांच्या कातड्यापासून काढलेला गोंद. दाणेदार सरस घ्या, वजनाने साधारण दुप्पट थंड पाण्यात भिजवा. दाणे पुरते फुगले की डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा, थेट आचेवर कधीच नको. तापमान ६० अंश सेल्सिअसच्या आसपास राहू द्या. मुरलेला कारागीर नुसत्या नजरेने ओळखतो, पण नवख्याने थर्मामीटर घ्यावाच. सरस उकळला की त्यातल्या प्रथिनांच्या लांब साखळ्या तुटतात आणि गेलेली ताकद परत येत नाही. ब्रश उचलल्यावर सलग धार पडली, तर सरस बरोबर जमला.

खरी कसोटी वेळेची. लावल्यावर मिनिटभरात तो जेलीसारखा गोठायला लागतो. त्यामुळे सांधा आधी कोरडाच जुळवून बघा, सुतळी आणि शिकंजे हाताशी ठेवा, लाकूड कोमट करून घ्या. थंड लाकडावर सरस वरच्यावर गोठतो, सांधा वरून छान दिसतो आणि आतून पोकळ राहतो. चैत्र-वैशाखात तुनाच्या (वाद्यासाठी वापरतात त्या) लाकडाचे तुकडे घटकाभर उन्हात ठेवले तरी पुरतं. पावसाळ्यात पंखा बंद, खिडकी बंद, हेअर ड्रायर सुरू. सांध्याबाहेर आलेला सरस रबरासारखा झाला की पातळ पात्याने अलगद निघतो. बांधलेलं काम दुसऱ्या दिवसापर्यंत सोडू नका. उरलेला सरस फ्रीजमध्ये ठेवा. बुरशी दिसली किंवा कुजका वास आला तर टाकून द्या.

पांढरा तयार गोंद सोपा आहे, मग हा खटाटोप कशाला? तारांचा ताण वाद्यावर रात्रंदिवस असतो. त्या ताणाखाली पांढरा गोंद हळूहळू सरकू शकतो. वाळलेला सरस कडक राहतो, सरकत नाही. आणि मला त्याहून मोठं वाटणारं कारण दुरुस्तीचं. चांगला तंबोरा पिढ्यान्‌पिढ्या वाजतो, म्हणजे कधीतरी तो उघडावा लागणारच. सरसाचा सांधा ऊब आणि ओलावा दिला की लाकूड न फाटता सुटतो, आणि नवा सरस जुन्या सरसाला धरतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव लागलेलं वाद्य दुरुस्त करता येणारंच असावं, असं मला मनापासून वाटतं.

ज्या ओलाव्याने आणि उष्णतेने सांधा सुटतो, त्याच गोष्टी वाद्याच्या वैरीही आहेत. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत सतार ठेवू नये, हे गिऱ्हाइकाला आपणहून सांगा.

वाद्याला हात लावण्याआधी तुनाचे टाकाऊ तुकडे रोज जोडा आणि वाळल्यावर हातोडीने तोडा. सांध्यावर तुटलं तर पुन्हा जोडा. बाजूचं लाकूड फाटायला लागलं की उस्तादांकडे गळ्याचं काम मागा.