घरच्या सांदवाडीत गोगलगायींच्या किती जाती, हे कसं बघायचं

पाऊस लागला की कंपाउंडच्या भिंतीवर ती मोठ्ठी शंखवाली गोगलगाय चढून राहते ना, लोकांना वाटते गोगलगाय म्हणजे तेवढीच. ती तर इथली नाहीच राजेहो, मूळची आफ्रिकेची, १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या इंग्रजाने मॉरिशसहून कलकत्त्याला आणली अन् मग देशभर पसरली. खरी व्हरायटी पालापाचोळ्यात असते, ५ मिलिमीटरपेक्षा लहान, नुसत्या डोळ्याला माती वाटेल अशी.

कुंड्यांच्या मागे, विटांखाली, जुन्या चुन्याच्या भिंतीच्या पायाशी बघा, शंख बनवायला कॅल्शियम लागते म्हणून अशा जागी जास्त भेटतात. फूटभर चौकोनातला पाचोळा अन् वरची थोडी माती उचला, ओलं असेल तर सावलीत पेपरवर पसरवा, नाहीतर चाळणीची भोकं बुजतात. आधी गव्हाची चाळणी, मग रव्याची, अन् चाळणीत वर उरलेलं तसंच खाली पडलेलं, दोन्ही पांढऱ्या कागदावर भिंगाने बघा. मे महिन्यातही जमते हे, कारण रिकामे शंख मातीत राहतातच अन् जिवंतवाल्या तोंडावर चिकट पडदा वाळवून पाऊस येईपर्यंत झोपून असतात.

आता ओळख. टोक वर अन् तोंड आपल्याकडे धरा, तोंड उजवीकडे आलं तर उजवा शंख, बहुतेक तसेच असतात. मग वेढे मोजा, खालून बेंबीसारखं भोक आहे का बघा. चपटा चकचकीत पातळ शंख असला तर मॅक्रोक्लॅमिस नावाच्या गटातली असू शकते, टाचणीसारखा लांबुळका असला तर अ‍ॅलोपियसच्या घराण्यातली. हटोनेला बायकलर दिसली तर मजाच, ती पानं नाही, दुसऱ्या बारक्या गोगलगायी खाते! पिल्लू अन् वेगळी जात यात मात्र गडबड होते, बऱ्याच जातींत मोठीच्या शंखाची कड जाड होते, पिल्लाची पातळ राहते, म्हणून कड पाहिल्याशिवाय आकडा वाढवू नका.

वरून, खालून अन् तोंडाकडून असे तीन फोटो, बाजूला स्केल ठेवून, आयनॅचरलिस्टवर (फोटोवरून जाती ओळखायला मदत करणारी वेबसाइट) टाका. हातात ग्लोव्ह्ज घाला, नंतर साबणाने हात धुवा, उंदरांच्या फुफ्फुसातल्या एका जंताच्या अळ्या गोगलगायींत असू शकतात अन् तो माणसाच्या मेंदूपर्यंत जातो. जिवंत असतील त्या परत तिथेच सोडा, अन् नागपूरच्या गोरेवाड्याच्या जंगलात गेलात तर फक्त फोटो, परवानगीशिवाय उचलायचं काहीच नाही.