वेब डेव्हलपरची साधने: मी काय वापरतो आणि का

वेब डेव्हलपमेंट शिकू लागलेल्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘कोणते फ्रेमवर्क (वेबसाइट उभारण्याचा तयार सांगाडा) शिकू?’ हा असतो, आणि ब्राउझरमधील डेव्हलपर टूल्स, म्हणजे पान आतून कसे चालते ते दाखवणारी साधने, आधी नीट शिका, हे माझे उत्तर ऐकून अनेकांचा हिरमोड होतो. साधन निवडताना मी आता मुख्यतः एकच गोष्ट पाहतो, ती म्हणजे आत नेमके काय घडत आहे हे ते मला दाखवते की नाही.

ही सवय एका चुकीतून लागली. सुरुवातीच्या काळात मी केलेल्या एका पानावर वापरकर्त्याने माहिती बदलून जतन केली, तरी पान पुन्हा उघडल्यावर जुनीच माहिती दिसत असे. डेटाबेसमध्ये मात्र नवी नोंद व्यवस्थित होती. दोन दिवस मी जावास्क्रिप्टचा कोड ओळ न् ओळ तपासत बसलो. अखेर एका ज्येष्ठ सहकाऱ्याने डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील देवाणघेवाण दाखवणारा भाग) उघडायला लावला, तेव्हा माहिती मागणारी रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत जातच नसून उत्तर ब्राउझरच्या कॅशेतून, म्हणजे त्याने आधी साठवलेल्या प्रतीतून, येत असल्याचे काही सेकंदांत दिसले. सर्व्हरच्या कॅशे-कंट्रोल हेडरमध्ये (उत्तर किती काळ साठवावे हे ब्राउझरला सांगणाऱ्या ओळीत) ८६,४०० सेकंदांची, म्हणजे पूर्ण एका दिवसाची मुदत मीच लिहून ठेवली होती. तेव्हापासून कोडला हात लावण्याआधी मी रिक्वेस्ट गेली का, स्टेटस कोड (रिक्वेस्टचे काय झाले ते सांगणारा आकडा) कोणता आला आणि रिस्पॉन्समध्ये काय आहे, हे पाहतो. याच टॅबमधला ‘कॅशे बंद करा’ हा पर्याय टूल्स उघडी असेपर्यंतच लागू असतो. तो सुरू ठेवून चाचणी केल्यास असा बग आपल्याला दिसत नाही आणि वापरकर्त्याला मात्र रोज दिसतो, हेही लक्षात ठेवावे.

एचटीएमएल (पानाची रचना), सीएसएस (पानाचे रूप) आणि जावास्क्रिप्ट (पानाचे वर्तन) या पायाला पर्याय नाही. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये जावास्क्रिप्टचे पहिले रूप अवघ्या दहा दिवसांत तयार केले, आणि तेव्हाच्या काही लकबी आजही भाषेत टिकून आहेत. फॉर्ममधील अंकांच्या रकान्यातूनही आकडा मजकूर म्हणूनच हाती येते, त्यामुळे ५ आणि ५ यांची बेरीज ५५ होते. अशा चुका लिहितानाच उघड व्हाव्यात म्हणून मी टाइपस्क्रिप्ट, म्हणजे अंक की मजकूर असे प्रकार तपासणारी जावास्क्रिप्टची विस्तारित भाषा, वापरतो. पण साधी जावास्क्रिप्ट आधी हाताखालून गेली नसेल, तर टाइपस्क्रिप्टने दाखवलेली चूक वाचता येते, समजत नाही. रिॲक्ट ही स्क्रीनवरचे भाग बांधण्याची जावास्क्रिप्ट लायब्ररी (तयार कोडचा संच) मला आवडते, परंतु ते मी स्क्रीनवरची स्थिती सतत बदलणाऱ्या कामांसाठीच राखून ठेवतो. केवळ मजकूर दाखवणाऱ्या पानांना त्याची गरज नसते, आणि २०१७ मध्ये प्रमुख ब्राउझरांत सीएसएस ग्रिड (आडव्या-उभ्या चौकटींत मांडणी करण्याची सोय) आल्यापासून पानाच्या मांडणीसाठी वेगळी लायब्ररी घेण्याचे कारणही फारसे उरलेले नाही.

गिट, म्हणजे कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणारे साधन, याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण बहुतेक नवशिके त्याकडे केवळ फाइली जपून ठेवण्याची सोय म्हणून पाहतात. मला त्याचा खरा उपयोग बग शोधताना होतो. कालपर्यंत चालणारी गोष्ट आज चालत नसेल, तर ‘गिट बायसेक्ट’ दरवेळी उरलेल्या कमिट्सच्या (नोंदवलेल्या बदलांच्या) मधोमध आणून सोडते आणि येथे चालते की नाही, एवढेच विचारते. हजार कमिट्समधून दोषी कमिट साधारण दहा पायऱ्यांत सापडते. अर्थात, एका कमिटमध्ये चाळीस असंबद्ध बदल कोंबलेले असतील, तर ती सापडूनही काही कळत नाही. म्हणून कमिट लहान ठेवावी आणि तिच्या संदेशात बदल का केला ते लिहावे.

एडिटर म्हणून मी व्हीएस कोड वापरतो, पण दुसरा कोणताही चालेल. पॅकेजेसच्या, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या, बाबतीत मात्र मी काटेकोर आहे. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अकरा ओळींचे पॅकेज एनपीएमवरून (जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या सार्वजनिक भांडारातून) काढले गेले आणि त्यावर आडून अवलंबून असलेल्या असंख्य प्रकल्पांचे बिल्ड, म्हणजे कोडमधून चालणारे उत्पादन तयार करण्याचे काम, अडले. दहा ओळींत स्वतः लिहिता येईल त्यासाठी मी पॅकेज घेत नाही, आणि लॉक फाइल (पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) नेहमी कमिट करतो.

डेटाबेससाठी माझी पसंती पोस्टग्रेस-क्यूएलला आहे, आणि तिचे मोठे कारण ‘एक्स्प्लेन ॲनालाइझ’ ही आज्ञा आहे. क्वेरी संथ का आहे, ती इंडेक्स (नोंदी पटकन शोधण्याची सूची) वापरते की संपूर्ण टेबल वाचते, कोणत्या टप्प्यावर किती वेळ गेला, हे सारे ती मांडून दाखवते. मात्र ही आज्ञा क्वेरी खरोखर चालवते. म्हणून अपडेट किंवा डिलीट तपासायचे असेल, तर आधी ट्रान्झॅक्शन (एकत्र लागू किंवा रद्द होणारा बदलांचा गट) सुरू करावे आणि निकाल वाचून झाल्यावर रोलबॅक करावे, म्हणजे ते बदल रद्द करावेत.