नागपूरहून रेवदंडा-चौल: समुद्रकाठचं पडकं शहर पायी कसं बघायचं

आपल्या नागपूरची मंडळी समुद्र बघायला निघाली की एक तर गोवा नाहीतर अलिबागचा बीच करून परत येतात, आणि अलिबागच्या पुढे फक्त १७-१८ किमीवर, पोर्तुगीजांच्या पडक्या किल्ल्यात वसलेलं रेवदंडा आणि त्याला लागूनच असलेलं चौल राहूनच जातं, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून हे लिहितोय.

जायचं सोपं आहे. विदर्भ, दुरांतो, जी मिळेल ती रात्रीची गाडी धरायची, सकाळी सीएसएमटीला उतरून गेटवे, तिथून मांडव्याची लाँच, मग अलिबाग, आणि अलिबाग स्टँडवरून एसटी. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च बेस्ट.

पण रिझर्वेशन करायच्या आधी घरचं कॅलेंडर काढा आणि तिथी बघा. कोकणात भरतीचा हिशोब तिथीवरून करतात, तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ निघते. म्हणजे त्रयोदशी असेल तर १३ ची पाऊणपट पावणेदहा, पावणेदहाला भरती आणि तिथून सहा तासांनी, पावणेचारच्या सुमारास ओहोटी, अगदी संध्याकाळी फिरायला हवी तशी. हे एवढ्यासाठी सांगतोय की रेवदंड्याची समुद्राकडची तटबंदी वाळूवरून चालत बघण्यातच मजा आहे, भरती असली की ती नीट बघता येत नाही. ओल्या दगडांवर शेवाळ असतं, ग्रिप असलेले सँडल घाला.

आता किल्ला. तिकीट खिडकी, गेट असं काही शोधू नका, रस्ता तटबंदीतूनच आत जातो आणि गावच किल्ल्यात वसलंय, नारळ-सुपारीच्या वाड्या, विहिरी, अंगणात वाळत घातलेली सुपारी आणि त्यांच्या मधेमधे चर्चच्या भिंती. मी एका वाडीत गेलो तर छप्पर नसलेल्या कमानीखाली सुपारीची झाडं रांगेत उभी होती, आणि वर पिंपळाची मुळं दगडाच्या सांध्यात शिरलेली, बघतच राहिलो. वाड्या लोकांच्या खासगी आहेत, तेव्हा आधी हाक मारून "काका, आत येऊन बघू का?" एवढं विचाराच. सातखणी बुरूज मात्र लांबूनच दिसतो, तो खरं तर चर्चचा मनोरा, पायथ्याशी तोफा पडल्या आहेत, वर चढायचा प्रयत्न करू नका.

जायच्या आधी थोडा इतिहास डोक्यात असू द्या, दगड बोलायला लागतात. १५०८ ला इथल्या समुद्रात पोर्तुगीजांची इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराशी लढाई झाली, त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. १५२१ ला निजामशहाच्या परवानगीने त्यांनी इथे बांधकाम सुरू केलं आणि १७४० ला हे सगळं मराठ्यांकडे आलं. त्याच्याही आधी, १५व्या शतकात निकितिन नावाचा रशियन व्यापारी घोडा घेऊन चौलला उतरला होता, त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे, तेही बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत खाडीपलीकडचा कोर्लई किल्ला करा, पूल ओलांडून जायचं, दीपगृहाकडून पायऱ्या आहेत, पाणी सोबत घ्या. खाली कोर्लई गावात ख्रिश्चन वस्ती आहे, ती माणसं घरात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली भाषा बोलतात, "नौ लिंग" म्हणजे आपली भाषा म्हणतात तिला. घाई करू नका, चहा घेत थांबा, कानावर पडू द्या. दुपारी चौलचं रामेश्वर मंदिर, समोरच्या पुष्करणीच्या काठावर बसलं की थकवा जातो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर अलिबागचा पांढरा कांदा माळ करून विकायला असतो, दोन माळा नक्की घ्या, पण परतीच्या गाडीत बंद बॅगेत कोंबू नका, हुकाला लटकवा, म्हणजे नागपूरपर्यंत चांगला राहतो.