रविवारच्या कॅसरोलची शनिवारची तयारी

कॅसरोल म्हणजे चिकन, नूडल्स आणि भाज्या व्हाइट सॉसमध्ये कालवून ओव्हनमध्ये भाजायचा पदार्थ. आधी कॅलेंडर बघा. हसू नका. मागे एकदा मी चिकन, चीज, नूडल्स सगळं आणून बसले आणि रविवारी सकाळी सासूबाईंनी नुसतं भिंतीकडे बोट दाखवलं. संकष्टी. चिकन फ्रीजरमध्ये गेलं नि घरात साबुदाणा भिजला.

वार जमला की भांडं शोधा. आमच्या सांगलीत कॅसरोल म्हटलं की चपात्यांचा गरम डबा पुढे येतो, आणि त्याला प्लॅस्टिक असतं, तो चुकूनही ओव्हनमध्ये जायला नको. आपल्याला हवं ओव्हनचं काचेचं किंवा ॲल्युमिनियमचं पसरट भांडं, दोनेक लिटर मावेल असं, आणि ते ओव्हनच्या दारातून आत जातंय का हे रिकामं असतानाच बघून घ्या. काचेचं असेल तर फ्रीजमधून काढून थेट तापल्या ओव्हनमध्ये ठेवू नका, तडकतं. ओटीजीला, म्हणजे ओट्यावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनला, मोठा, 15 अँपिअरचा प्लग लागतो. घरच्या इन्व्हर्टरवर तो चालेल ही आशा सोडा. लाइट जाण्याचं लक्षण दिसलं तर कढईचा बेत तयार ठेवायचा: तळाशी स्टँड, वर झाकण, मंद आच.

सामान चौघांपुरतं सांगते. बोनलेस चिकन अर्धा किलो, जमलं तर लेगचं, कारण ब्रेस्ट दोनदा शिजून चोथा होतं. हक्का नूडल्स 200 ग्रॅम. मसाल्याची पुडी असलेल्या झटपट नूडल्स नकोत, त्यांचा लगदा होतो. मूळ पदार्थात अंड्याच्या रुंद नूडल्स असतात, त्या मला इथे दुकानात कधी दिसल्या नाहीत. मटार वाटीभर, एक गाजर, एक कांदा, दूध अर्धा लिटर, मैदा चार चमचे, लोणी 50 ग्रॅम आणि मिरपूड. चीजच्या 25 ग्रॅमच्या चार क्यूब. शिवाय बेकरीतले चार-पाच टोस्ट.

अमेरिकेत या पदार्थाचं निम्मं काम सूपचा डबा करतो. कॅम्पबेल कंपनीनं मशरूमचं घट्ट क्रीम सूप 1934 साली बाजारात आणलं, आणि तिकडच्या कित्येक कॅसरोलांत सॉसची जागा त्या डब्यानं घेतली. आपण तो डबा धुंडाळत फिरायचं कारण नाही, व्हाइट सॉसला दहा मिनिटं लागतात.

शनिवारी रात्री चिकन शिजवून घ्या. नळाखाली खळाखळा धुऊ नका. शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर उडतात आणि त्यांच्याबरोबर जंतूही. सासूबाईंना हे पटलेलं नाही, त्या हळद लावून धुतातच. असो. कांदा, चार मिरी, तमालपत्र आणि अडीच वाट्या पाणी घालून वीस-पंचवीस मिनिटं झाकून शिजवा, मोठा तुकडा मोडून आत गुलाबी नाही ना ते बघा, मग हातानं तोडा. पाणी फेकलंत तर मी बोलणार नाही तुमच्याशी. गाळून वाटीभर ठेवा, ते सॉसमध्ये जातं. निवलं की दोन्ही फ्रीजमध्ये.

टोस्टही रात्रीच पिशवीत घालून लाटण्यानं चुरा, पण भरड; पीठ केलं तर कुरकुरीतपणा जातो. भाच्यानं एकदा वरून भडंग घालून भाजू म्हणून हट्ट धरला. भाजताना सॉसची वाफ लागून ते चिवट झालं. आता भडंग बशीत शेजारी असतं.

रविवारी नूडल्स पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं आधी उतरवा, उरलेलं शिजणं ओव्हनमध्ये होतं. लोण्यात मैदा मंद आचेवर परता, कच्चा वास गेला पाहिजे पण रंग येता कामा नये. मग गार दूध थोडं थोडं ओता आणि ताक घुसळायची छोटी रवी चालवा. गुठळ्या मोडायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. शेवटी चिकनचं पाणी आणि तीन क्यूब चीज किसून. सॉस कढीइतका पातळ दिसला पाहिजे. घाबरून आटवू नका, नूडल्स तो पिऊन टाकतात. मीठ सगळ्यात शेवटी, चव घेऊन, कारण विकतचं लोणी आणि चीज दोन्ही खारट असतात. माझं पहिलं कॅसरोल याच पायी कोणी खाल्लं नव्हतं.

चिकन, नूडल्स, भाज्या सॉसमध्ये कालवून भांड्यात पसरा, वर उरलेलं चीज आणि चमचाभर वितळलेलं लोणी चोळलेला चुरा. ओव्हन आधी दहा मिनिटं 180 अंशांवर तापलेला हवा, मग पंचवीस-तीस मिनिटं, कडेला बुडबुडे येईपर्यंत. कढईत करणार असाल तर चुरा तव्यावर आधीच भाजून घ्या आणि वाढताना वरून पेरा, झाकणाखाली तो काही लाल होत नाही.

बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावू देऊ नका, नाहीतर सगळं पानात पसरतं. आणि टेबलावर कांदा-लसूण चटणीची वाटी आधीच ठेवा. सासरे पहिल्या घासानंतर ती मागणारच.