जुन्या नाण्यांवरचा गंज: काय काढावे आणि काय राहू द्यावे

नाणेसंग्रहाच्या नादाला नुकत्याच लागलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: नाणे कशाने स्वच्छ करावे? मी मुंबईत बरीच वर्षे जुनी नाणी जमवत आलो आहे आणि पोटापाण्यासाठी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केले असल्यामुळे ओळखीपाळखीचे संग्राहक गंजलेली नाणी घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना मी आधी उलट विचारतो की नाणे कोणत्या धातूचे आहे, आणि त्यावरचा गंज अजून वाढतो आहे की केव्हाच थांबला आहे? या दोन गोष्टी नीट पाहिल्या की बहुतेक नाण्यांना हातच लावायचा नाही, असे ठरते. उरलेल्या थोड्या नाण्यांसाठी पुढचा सगळा खटाटोप आहे.

सुरुवात तांब्यापासून करणे बरे, कारण नवख्याच्या हाती सर्वांत आधी तांब्याची आणि कांस्याची नाणीच येतात: शिवराई (शिवाजी महाराजांच्या नावाचे तांब्याचे नाणे), ईस्ट इंडिया कंपनीचे पाव आणे, १९०६ नंतर कांस्यात पाडलेले पाव आणे, १९४३ ते १९४७ या काळातला भोकाचा पैसा. तांब्यावर प्रथम क्युप्राइटचा, म्हणजे तांबूस-तपकिरी ऑक्साइडचा पातळ थर बसतो. हा थर सलग आणि घट्ट असेल तर तो खालच्या धातूचे रक्षणच करतो, आणि संग्राहक ज्याला पॅटिना म्हणतात तो बहुतांशी हाच असतो. जमिनीत पुरल्या गेलेल्या नाण्यावर त्याच्याही वर मॅलाकाइटचा गडद हिरवा थर चढतो. अशा नाण्याची मूळ अक्षरे पुष्कळदा धातूत उरलेलीच नसतात. धातू झिजून त्याचा जो गंज झाला, त्या गंजाच्या थरातच त्यांचा उठाव टिकून राहिलेला असतो, आणि म्हणून थर खरवडला की त्याच्याबरोबर अक्षरही जाते.

आपल्या घरांत देवाचे ताम्हण आणि पळी-पंचपात्र चिंचेने किंवा लिंबाने लख्ख करण्याची सवय इतकी मुरलेली आहे की नाणे हातात आले की तोच उपाय सुचतो. चिंचेतले टार्टारिक आणि लिंबातले सायट्रिक आम्ल ऑक्साइड विरघळवते आणि खाली गुलाबी, निर्जीव दिसणारे तांबे उघडे पडते. भांडी घासण्याच्या पावडरीत याशिवाय बारीक कण असतात, त्यांचे ओरखडे दहा पट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली समांतर रेघांसारखे दिसतात. न वापरलेल्या नाण्याची चमक तर साच्याच्या दाबाखाली धातू पसरताना उमटलेल्या अतिसूक्ष्म रेषांमुळे असते; त्या एकदा गेल्या की कोणत्याही पॉलिशने परत येत नाहीत. फोर्टातल्या फुटपाथवर बसणारा जुना विक्रेतासुद्धा असे नाणे नुसते तिरपे धरून ‘धुतलेलं आहे, साहेब’ म्हणतो आणि भाव पाडतो. पीसीजीएस आणि एनजीसी या नाण्यांची प्रत ठरवणाऱ्या संस्था अशा नाण्याला आकडी प्रत न देता फक्त ‘डिटेल्स’ असा शेरा देतात.

आता जो गंज थांबलेला नसतो, त्याकडे वळू. इंग्रजीवरून त्याला ब्राँझ डिसीज म्हणतात. घाम, खारी हवा किंवा खारट माती यांतले क्लोराइड धातूत शिरून क्युप्रस क्लोराइड तयार होते आणि ते पृष्ठभागाखाली दडून बसते. त्याला ओलावा आणि ऑक्सिजन मिळाला की फिकट हिरवी भुकटी होते आणि हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. ते आम्ल पुन्हा ताज्या तांब्याला खाते आणि नवे क्लोराइड तयार होते. म्हणजे एकदा सुरू झालेला हा प्रकार स्वतःच स्वतःला पोसत राहतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ४० टक्क्यांच्या खाली असली तर तो निपचित पडून असतो. मुंबईत पावसाळ्यात हा आकडा ८० च्या वर असतो आणि वर समुद्राची खारी हवा, तेव्हा कोरड्या प्रदेशातून आलेले, वर्षानुवर्षे शांत असलेले नाणे आपल्या कपाटात पहिल्याच जुलैमध्ये फुटू लागते.

ओळखायचे कसे? मॅलाकाइट गडद, कठीण आणि धातूला चिकटलेले असते. वाढता गंज पोपटी रंगाचा, भुकटीसारखा असतो. बांबूच्या टूथपिकने हलकेच टोचले की तो गळतो आणि खाली लहानसा खड्डा दिसतो. शंका असेल तर ओलसर कापसाबरोबर, पण कापसाला न टेकवता, नाणे एका बंद डबीत दिवसभर ठेवून पाहण्याची रीत आहे. ताजे पोपटी ठिपके आले तर निदान पक्के. मुंबईकराला ही चाचणी मुद्दाम करावी लागत नाही, जून ते सप्टेंबर ती आपोआपच होते.

हात बसवण्यासाठी चांगले नाणे कधीही घेऊ नये. चोर बाजारात मटण स्ट्रीटवर किंवा फोर्टच्या फुटपाथवर झिजलेले, गंजके पाव आणे ढिगाने मिळतात. त्यांतले मूठभर आणावेत आणि बिघडले तरी चालतील अशा बेताने त्यांवर शिकावे. साहित्यही फारसे लागत नाही. भिंग, बांबूच्या काड्या, मऊ केसांचा रंगकामाचा ब्रश, काचेच्या वाट्या, डिस्टिल्ड वॉटर आणि शुद्ध अ‍ॅसिटोन एवढ्यावर बहुतेक काम भागते. नळाचे पाणी वापरू नये, कारण त्यात जंतुनाशक म्हणून क्लोरीन घातलेले असते आणि ज्या क्लोराइडपासून नाणे वाचवायचे तेच आपण त्याला पाजतो. अ‍ॅसिटोन म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे. त्यात पाणी, रंग, सुगंध आणि तेल मिसळलेले असते. प्रिन्सेस स्ट्रीटवर रसायनांच्या दुकानांत एआर ग्रेडची, म्हणजे प्रयोगशाळेच्या शुद्धतेची बाटली मिळते. मात्र अ‍ॅसिटोन अत्यंत ज्वालाग्राही आहे, म्हणून हे काम स्वयंपाकघरात मुळीच करू नये. खिडकी उघडी ठेवावी आणि आसपास गॅस, देवघरातला दिवा, उदबत्ती काही नसावे.

पद्धत एका दुदांडी शिवराईवरून सांगतो, कारण ते नाणे नवख्याला सहज मिळते. पुढच्या बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि मागे ‘छत्रपति’, मध्ये दोन आडव्या रेघा. माझ्यासमोर असलेल्या नाण्यावर ‘राजा’ या शब्दाच्या खाचांत पिवळसर माती दगडासारखी बसली होती आणि कडेला चिकटपट्टीचा जुना गोंद होता. आधी अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून गोंद आणि बोटांचे तेल काढले, मग दुसऱ्या वाटीतल्या ताज्या अ‍ॅसिटोनमधून विसळले, कारण मळलेले अ‍ॅसिटोन सुकताना मळ पुन्हा नाण्यावरच सोडते. अ‍ॅसिटोन धातूला किंवा पॅटिनाला काही करत नाही. जाता जाता सांगायचे तर बनावट शिवराई नाण्यांवर फासलेला हिरवा रंग पुष्कळदा याच वाटीत उतरतो, आणि तेव्हा विकत घेतलेल्या वस्तूबद्दल वेगळेच ज्ञान होते.

त्यानंतर नाणे डिस्टिल्ड पाण्यात ठेवले आणि पाणी रोज बदलत गेलो. माती मऊ पडायला दिवस लागतात, कधी आठवडे. घाई करण्यात अर्थ नसतो. मग भिंगाखाली, नाणे ओले असतानाच, बांबूच्या काडीचे टोक अक्षराच्या कडेला समांतर सरकवत माती उचलायची. काडी धातूवर दाबायची नाही, मातीच्या थराखाली शिरवायची. ‘जा’चा काना मोकळा झाला तेव्हा त्याच्या तळाशी चॉकलेटी, गुळगुळीत थर दिसला, आणि तिथेच थांबलो. तो थर म्हणजेच शिवराईचा जुना पृष्ठभाग. त्याच्या खाली जाण्यासारखे काही नाही. लोखंडी सुई, ब्लेड, पितळी तारेचा ब्रश यांचा उपयोग तांब्यावर करू नये. काम झाले की नाणे पुन्हा अ‍ॅसिटोनमधून काढावे, म्हणजे खाचांतले पाणी निघून जाते, आणि टिपकागदावर ठेवून टिपावे. पुसू मात्र नये. बहुतेक ओरखडे याच शेवटच्या पुसण्यात पडतात.

ऑलिव्ह तेलाचा सल्ला बरेच जण देतात. त्यातली मुक्त मेदाम्ले गंज हळूहळू विरघळवतात हे खरे, पण ती पॅटिनालाही सोडत नाहीत, नाणे काळपट होते आणि तेल पुढे चिकट होऊन धूळ धरते. तेलच वापरायचे तर औषधाच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन वापरावे; ते तांब्याशी कोणतीही प्रक्रिया करत नाही, फक्त थर भिजवून मऊ करते.

पोपटी गंज असलेल्या नाण्याला एवढ्याने भागत नाही. भिंगाखाली प्रत्येक ठिपक्यातली भुकटी काडीने पूर्ण काढावी लागते, आणि मग सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या सुमारे ५ टक्के द्रावणात नाणे बरेच आठवडे ठेवून द्रावण बदलत राहावे लागते, जेणेकरून आतले क्लोराइड बाहेर येईल. काढलेल्या द्रावणाचा थोडा भाग विरल नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करून त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले आणि पांढरा गढूळपणा आला, तर क्लोराइड अजून निघते आहे असे समजावे. या उपायाने पॅटिनाचा रंग थोडा बदलू शकतो आणि कधी वर निळसर क्षार बसतो, म्हणून मी तो दुर्मीळ नाण्यावर करत नाही. संग्रहालयांतले संवर्धक बेन्झोट्रायाझोलचे अल्कोहोलमधले सुमारे ३ टक्के द्रावण वापरून तांब्यावर संरक्षक आवरण चढवतात. ते आरोग्याला घातक असल्यामुळे हातमोजे आणि धूर खेचणारे कपाट असलेल्या प्रयोगशाळेबाहेर त्याच्या वाटेला जाऊ नये. घरी करण्याजोगा शेवटचा टप्पा म्हणजे पूर्ण सुकलेल्या नाण्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात.

चांदीबद्दल थोडक्यात. राणीछाप आणि त्यानंतरचे रुपये १९३९ पर्यंत सुमारे ९१.७ टक्के चांदीचे आहेत आणि त्यांवरचा काळेपणा म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. तो नाण्याला खात नाही, तेव्हा राहू द्यावा. चांदी उजळण्याच्या तयार द्रावणांत थायोयुरिया आणि आम्ल असते, ते वरचा थर काढून टाकते आणि नाणे एकसारखे पांढरे करते. अ‍ॅल्युमिनियमची फॉइल आणि खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याची युक्ती काळेपणा घालवते, पण परत बसलेली चांदी भुसभुशीत आणि निस्तेज असते. १९४० ते १९४५ च्या रुपयांत ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे आणि उरलेले निकेल व जस्त आहे. त्यांवर हिरवट डाग दिसले तर ते तांब्याचे, आणि तिथे अ‍ॅसिटोनपुढे जाऊ नये. क्षत्रप या प्राचीन राजवंशाची जेमतेम २ ग्रॅमची चांदीची नाणी जमिनीत राहून ठिसूळ झालेली असतात, बोटाच्या दाबानेही तुटतात.

सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांवरची पांढरी भुकटी विषारी असते, ती फुंकू नये आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. स्वातंत्र्यानंतरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पैशांना सोड्याचे कोणतेही पाणी लावू नये; ते काळे पडतात.

स्वच्छ केलेले नाणे पुन्हा कुठे ठेवतो, यावर मुंबईत सगळे अवलंबून आहे, आणि नवखे लोक नेमके इथेच दुर्लक्ष करतात. मऊ, वास येणारे प्लास्टिकचे अल्बम बहुधा पीव्हीसीचे असतात. त्यांतून निघणारा हिरवा चिकट पदार्थ तांबे खातो. माइलरच्या (पॉलिएस्टरच्या पातळ पापुद्र्याच्या) पिशव्या किंवा खिडकी असलेली पुठ्ठ्याची चौकटे घ्यावीत. प्लायवूडच्या कपाटातून आम्लाच्या वाफा येतात, त्या शिशाला सर्वांत घातक. रबरबँडमधल्या गंधकाने चांदी काळी पडते. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मापक ठेवावा, आणि नारिंगी दाण्यांचा रंग बदलला की ते सुमारे १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरावेत. पावसाळ्यात डबा विनाकारण उघडू नये. पाहुण्यांना संग्रह दिवाळीनंतर दाखवावा.

नजर तयार होण्यासाठी चांगली नाणी पाहावी लागतात. फोर्टमधील रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय येथे जाऊन, न छेडलेला पॅटिना कसा दिसतो हे तासभर उभे राहून पाहावे. पद्धतशीर अभ्यास करायचा असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. संवर्धनाचाच व्यवसाय करायचा असेल तर रसायनशास्त्राची पदवी फार उपयोगी पडते. शेतात किंवा पायाखणतीत सापडलेली नाणी मात्र धुऊ नयेत, कारण १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा असा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, आणि नाण्यांना चिकटलेली माती अभ्यासकांना त्यांच्याइतकीच हवी असते.

प्रत्येक नाण्याची वही ठेवावी: आधीचे आणि नंतरचे छायाचित्र, शतांश ग्रॅमपर्यंत वजन, वापरलेले द्रव्य, किती काळ. वजन लक्षात येण्याइतके घटले असेल तर मातीबरोबर आणखीही काही निघाले आहे का, हे भिंगाखाली तपासून पुढच्या नाण्याला हात लावावा. नाणे विकताना किंवा कोणाला देताना त्या पानाची प्रत सोबत द्यावी, म्हणजे पुढचा मालक तेच नाणे पुन्हा विनाकारण धुणार नाही.